साठ गुण म्हणजे काय ?

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला म्हणजे शाळेच्या फाटकापासून थेट रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत एकच प्रश्न ऐकूं येतो : "किती पडले ?" शेजारीण तेंच विचारते, परगांवचे मामा फोनवरून तेंच विचारतात, आणि प्रगतिपुस्तकावर सही करतांना वडीलही बहुधा तेवढेंच पाहतात. "यंदा काय येऊं लागलें ?" असें विचारणारा मनुष्य मीं माझ्या बावीस वर्षांच्या अध्यापनांत क्वचितच पाहिला आहे. हा दोष पालकांचा नव्हे. आंकडा देण्याची रीत शाळेनेंच घातली. मग लोकांनीं आंकडाच मागावा यांत नवल तें काय! परंतु हा आंकडा वस्तुतः काय सांगतो, काय झांकून ठेवतो, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं ठेवतां येईल कीं नाहीं, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एकदां तरी शांतपणें करावा, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

समजा, सातवीच्या गणिताची शंभर गुणांची प्रश्नपत्रिका आहे. तींत अपूर्णांक, दशांश, त्रैराशिक, व्याज व क्षेत्रफळ असे पांच भाग असून प्रत्येक भागास वीस गुण आहेत. एका मुलीस प्रत्येक भागांत बारा गुण मिळाले, एकूण साठ. एका मुलानें पहिले तीन भाग बिनचूक सोडविले व व्याज आणि क्षेत्रफळ हे दोन भाग कोरे ठेवले, एकूण साठ. तिसऱ्या मुलीस सहामाहींत तीस व वार्षिक परीक्षेंत नव्वद गुण होते, सरासरी साठ. चौथ्या मुलास सहामाहींत नव्वद होते, वार्षिकांत तीसच पडले. त्याचीही सरासरी साठ. चौघांच्या प्रगतिपुस्तकांत एकच आंकडा लिहिला गेला. पण पहिलीला सारेंच थोडें थोडें येतें, तिला सराव हवा. दुसऱ्यास दोन प्रकरणें कोणीतरी पुन्हा मुळापासून शिकविलीं पाहिजेत. तिसरीला शिकविण्याजोगें फारसें उरलेलेंच नाहीं, तिला शाबासकी दिली पाहिजे. चौथ्याच्या घरीं अथवा मनांत काय घडलें, याची तर त्याच दिवशीं चौकशी व्हावयास हवी. वैद्याकडे चार रोगी गेले आणि त्यानें चौघांच्याही कागदावर नुसतें "साठ" लिहून त्यांस घरीं पाठविलें, तर आपण त्यास वैद्य म्हणूं काय ?

हा आंकडा किती फसवा असतो याचा एक अनुभव माझ्या मनांतून जात नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत एक मुलगा होता. स्वभाव शांत, हजेरी चोख, वह्या नीटनेटक्या. गणितांत त्यास पांचवीपासून दरवर्षीं अडतीस ते बेचाळीस यांच्या दरम्यान गुण पडत, आणि पस्तिसांची रेषा ओलांडली म्हणून तो वर चढे. नववींत समीकरणें आलीं तेव्हां मात्र तो अगदींच थांबला. एके दिवशीं शाळा सुटल्यावर मीं त्यास जवळ बसविलें, समीकरण बाजूस ठेवलें व विचारलें, "अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती ?" त्यानें क्षणाचाही विलंब न लावतां लिहिलें : दोन पंचमांश. वरच्या अंकांची बेरीज वर, खालच्यांची खालीं. मीं म्हटलें, "बाळ, तुझ्या ताटांत अर्धी भाकरी आहे. आईनें आणखी एक तुकडा वाढला. मग ताटांतली भाकरी अर्ध्याहून कमी कशी झाली ?" तो पुष्कळ वेळ कागदाकडे पाहत राहिला. पांचवींत जें समजावयाचें तें त्यास चार वर्षांत समजलें नव्हतें. आणि त्या चार वर्षांत चार शिक्षकांनीं त्याच्या प्रगतिपुस्तकावर "उत्तीर्ण" असें लिहिलें होतें. सातवीच्या पानावरील सही माझी होती.

गुणांची ही रीत मुळांत शिकविण्यासाठीं निघालेलीच नाहीं. ती निवड करण्याच्या गरजेंतून वाढली. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा झाली. पुढें कचेरींतल्या जागा थोड्या व उमेदवार फार, महाविद्यालयांतल्या जागा थोड्या व अर्ज फार, अशा वेळीं परीक्षा चाळणीचें काम करूं लागली. चाळणी धान्य निवडते. शेतांत पीक कां उगवलें नाहीं हें ती सांगूं शकत नाहीं, आणि तें तिला कोणी विचारूंही नये. चूक झाली ती अशी कीं, मोठ्या परीक्षेची ही चाळणी आपण दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गांतही आणून टांगली.

मौज अशी कीं, ज्या शब्दानें आपण शाळेचे वर्ग मोजतों त्या शब्दांतच दुसरी दृष्टि दडलेली आहे. "इयत्ता" हा संस्कृत शब्द असून त्याचा अर्थ "एवढेंपण", म्हणजे ठराविक माप, असा आहे. पांचवी इयत्ता म्हणजे पांचव्या पायरीवर जेवढें यावयास पाहिजे तेवढें. मूल वर्गांत कितवें आलें हा प्रश्न त्या शब्दांत नाहींच. आज शिक्षणशास्त्रज्ञ ज्यास निकषांवर आधारलेलें शिक्षण म्हणतात त्याचें बीज हेंच होय : मुलास काय आलें पाहिजे हें आधीं स्पष्ट शब्दांत लिहावें, तें त्यास आलें कीं नाहीं हें एकेक करून पाहावें, आणि न आलेलें येईपर्यंत शिकवावें. मैदानावर ही रीत आपण रोज पाहतों. स्काउट पथकांतील मुलगा प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या चढतो, आणि प्रत्येक पायरीस अमुक गोष्टी करून दाखवाव्याच लागतात. चार गांठींपैकीं दोन उत्तम बांधतां येतात म्हणून कोणी त्यास पन्नास गुण देऊन ओढ्यावर दोरांचा पूल बांधावयास पाठवीत नाहीं. उरलेल्या दोन गांठी तो पुढच्या शनिवारीं पुन्हा शिकतो. आणि गांठ एकदां बसली म्हणजे ती पहिल्या दिवशीं बसली कीं तिसऱ्या आठवड्यांत, हें कोणी विचारीत नाहीं.

तथापि माप ठरविलें म्हणजे सर्व कांहीं सुरळीत होतें असें मात्र नाहीं, आणि याचा दाखला इतिहासांत स्पष्ट आहे. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो या मंत्र्याच्या पुढाकारानें एक नवी नियमावली अमलांत आली. तिच्यांत वाचन, लेखन व गणित यांच्या सहा पायऱ्या ठरविल्या होत्या व त्यांस "स्टँडर्ड" असें नांव होतें. आपल्याकडे इंग्रजी शाळांत वर्गास आजही तोच शब्द वापरतात. इथवर ठीक होतें. परंतु सरकारी अनुदान त्या पायऱ्यांस बांधून टाकलें. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागें परीक्षेच्या निकालावर आठ शिलिंग मिळावयाचे. तीन विषयांपैकीं जेवढ्या विषयांत तें नापास होईल तेवढ्या वेळां दोन शिलिंग आठ पेन्स कापावयाचे. (बारा पेन्सांचा एक शिलिंग हें ध्यानांत घेऊन विद्यार्थ्यांनीं तिन्ही विषयांत नापास झालेल्या मुलामागें शाळेच्या हातीं काय उरे तें काढून पाहावें.) परिणाम असा झाला कीं, शिक्षक मुलांकडून क्रमिक पुस्तक अथपासून इतिपर्यंत पाठ करवून घेऊं लागले. कित्येक मुलें पुस्तक उलटें धरूनही तें घडाघडा "वाचीत", असें सांगतात. मॅथ्यू अर्नोल्ड हा प्रसिद्ध कवि त्या काळीं शाळातपासनीस होता. त्यानें या पद्धतीवर वारंवार कडक टीका केली. शतक संपण्यापूर्वीं ती मोडीत निघाली. मुंबई इलाख्यांतही खाजगी शाळांचें अनुदान पुष्कळ काळ अशाच निकालांवर बेतलेलें असे, आणि मिशनच्या शाळाही त्याच तराजूंत तोलल्या जात. तेव्हां निकषाला पैसा, बक्षीस किंवा भीति चिकटली कीं त्याचाही गुण होतो, आणि मूल पुन्हा आंकड्याच्याच मागें धांवूं लागतें, हें पहिल्यापासून ओळखून असावें.

हीच कल्पना अधिक शहाणपणानें राबविली गेली ती अमेरिकेंत, शिकागो शहराच्या उत्तरेस मिशिगन सरोवराच्या कांठीं असलेल्या विनेट्का या लहानशा गांवीं. १९१९ सालीं कार्लटन वॉशबर्न नांवाचा तरुण तेथील शाळांचा अधीक्षक झाला व १९४३ पर्यंत त्या जागेवर राहिला. तत्पूर्वीं तो सॅन फ्रान्सिस्को येथें फ्रेडरिक बर्क या शिक्षणतज्ज्ञाच्या हाताखालीं होता, आणि एकाच वर्गांतील मुलें एकाच वेगानें शिकत नाहींत हें त्यानें तेथें जवळून पाहिलें होतें. विनेट्कांत त्यानें व त्याच्या शिक्षकांनीं प्रथम एक किचकट काम केलें. प्रत्येक मुलास आलेंच पाहिजे असें वाचनांत, शुद्धलेखनांत व गणितांत काय काय आहे याची यादी केली. मग त्या यादीस धरून अशीं पुस्तकें तयार केलीं कीं, मुलानें स्वतः वाचावें, स्वतः सोडवावें व उत्तरें स्वतःच ताडून पाहावीं. आपल्याला आतां हें येतें असें मुलास वाटलें म्हणजे तें स्वतःची एक चाचणी घेई. ती बरोबर आली कीं शिक्षिकेकडून खरी चाचणी मागून घेई. तींत चूक झाली तर "नापास" असा शेरा मिळत नसे. ज्या जातीचें उदाहरण चुकलें त्याच जातीचा आणखी सराव आणि मग त्याच मापाची दुसरी चाचणी. मुलाच्या कार्डावर गुण नसत. एकेक उद्दिष्ट लिहिलेलें असे व त्यासमोर तें साध्य झाल्याची तारीख.

या व्यवस्थेंत वर्षाच्या अखेरीस कोणी मागें राहून तेंच वर्ष पहिल्या पानापासून काढीत नसे. जूनमध्यें जेथें थांबलें तेथूनच मूल सुटीनंतर पुढें चाले. गणितांत चौथीच्या पायरीवर असलेला मुलगा वाचनांत सहावीच्या पायरीवर असूं शके, आणि तरीही आपल्या वयाच्या मुलांबरोबरच बसे. दिवसाचा सुमारें अर्धा वेळच अशा एकट्याच्या अभ्यासास दिलेला असे. उरलेला वेळ गायन, चित्रें, नाट्य, चर्चा आणि सर्वांनीं मिळून करावयाचीं कामें यांत जाई, व त्यांस कसलेंही माप लावीत नसत. मला या योजनेंतील सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते. नाटकांत काम करणाऱ्या मुलाच्या हातीं उद्दिष्टांचें कार्ड द्यावयाचें नाहीं, एवढा विवेक वॉशबर्नपाशीं होता. आजच्या कित्येक उत्साही शिक्षणाधिकाऱ्यांपाशीं तो दिसत नाहीं.

पुढें याच विचारास शास्त्राची बैठक मिळाली. जॉन कॅरोल यानें १९६३ सालीं असें मांडलें कीं, आपण ज्यास मुलाची कुवत म्हणतों ती पुष्कळ अंशीं एखादी गोष्ट शिकावयास त्यास लागणारा वेळ असते. शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक बेंजामिन ब्लूम यांनीं १९६८ सालीं त्यावरून शिकविण्याची रीत बांधली. नेहमींच्या शाळेंत वेळ सर्वांस सारखा असतो व शिकणें कमीजास्त होतें. अपूर्णांकांस तीन आठवडे ठरले. ते संपले कीं कोणास समजलें व कोणास नाहीं याचा विचार न करतां वर्ग दशांशांकडे वळतो. ब्लूम म्हणतात, हें उलटें करा : शिकणें सर्वांचें सारखें ठरवा आणि वेळ कमीजास्त होऊं द्या. लहान लहान घटक करा, प्रत्येकाच्या शेवटीं छोटी चाचणी घ्या, ज्यांचें अडलें त्यांस निराळ्या तऱ्हेनें शिकवा, पुन्हा चाचणी घ्या. यापासून किती लाभ होईल याविषयीं ब्लूम यांनीं १९८४ सालीं फार मोठी आशा दाखविली होती. ती पुढील संशोधनांत तितकीशी खरी ठरली नाहीं. परंतु लाभ होतो, आणि मागें पडलेल्या मुलांस तो अधिक होतो, असें पुष्कळ प्रयोगांत दिसून आलें.

येथें कोणी म्हणेल, गुणही द्या आणि काय चुकलें तेंही लिहा, म्हणजे दोन्ही साधेल. मीही पूर्वीं असेंच म्हणत असें. पण इस्राएलांतील रूथ बटलर या बाईंचा १९८८ सालचा प्रयोग वाचल्यापासून माझें मत बदललें. त्यांनीं पांचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले. एकास केवळ गुण दिले, दुसऱ्यास केवळ सूचना लिहून दिल्या, तिसऱ्यास गुण व सूचना दोन्ही दिलीं. पुढच्या कामांत केवळ सूचना मिळालेला गट सुधारला; गुण व सूचना दोन्ही मिळालेला गट केवळ गुण मिळालेल्या गटाहून पुढें गेला नाहीं. आंकडा दिसला कीं मुलाची नजर तेथेंच खिळते, खालचीं अक्षरें तें वाचीतच नाहीं. आपापल्या घरीं उत्तरपत्रिका परत आल्यावर मूल प्रथम काय पाहतें तें पालकांनीं जरूर पाहावें. स्वतः आपणही प्रथम काय पाहतों तें पाहिलें तर अधिकच बरें.

आपल्या देशांतही गुणांपासून दूर जाण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण त्यांतले कांहीं वरवरचे ठरले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २००९ च्या सुमारास सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू केलें व गुणांऐवजीं श्रेणी दिल्या. ९१ ते १०० गुणांस 'ए-वन', ८१ ते ९० गुणांस 'ए-टू', याप्रमाणें. आंकड्याच्या जागीं अक्षर आलें. परंतु मुलास काय येतें हें अक्षरही सांगत नव्हतें, आणि शिक्षक मात्र तक्ते व नोंदवह्या भरतां भरतां थकून गेले. २०१७ सालीं मंडळानें ती पद्धत मागें घेतली. दुसरीकडे, २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणासही त्याच वर्गांत मागें ठेवण्यास मनाई केली; २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीस परीक्षा घेऊन मागें ठेवण्याची मुभा राज्यांस दिली. यावर मोठमोठे वाद झाले. मला त्या वादांत नेहमीं असें वाटत आलें कीं दोन्ही पक्ष एकाच गोष्टीकडे पाठ फिरवून बोलत आहेत. अपूर्णांक न समजलेल्या मुलास वर ढकललें काय किंवा खालीं बसवून ठेवलें काय, तो भाकरीचा प्रश्न त्यास कोणी विचारणार आहे कीं नाहीं ?

तो विचारला कोणीं, तर मुंबईंतल्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या "प्रथम" या संस्थेनें. तिच्या पुढाकारानें २००५ पासून "असर" नांवाची पाहणी होऊं लागली. कार्यकर्ते खेड्यांत घरोघर जातात व मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर सुटीं अक्षरें, सोपे शब्द, पहिलीच्या मापाचा लहान परिच्छेद व दुसरीच्या मापाची लहानशी गोष्ट, एवढेंच असतें. मूल कोणत्या पायरीपर्यंत वाचतें तें लिहून घेतात. गुण नाहींत, क्रमांक नाहीं. २०१८ च्या पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवीच्या सुमारें निम्म्याच मुलांस दुसरीची गोष्ट वाचतां आली. हीं सारीं मुलें शाळेंत जाणारीं होतीं हें ध्यानांत घ्यावें. या संस्थेची शिकविण्याची रीतही तशीच आहे : दिवसांतून कांहीं वेळ तिसरी ते पांचवीचीं मुलें वर्गाप्रमाणें न बसवितां पायरीप्रमाणें बसवावयाचीं, अक्षरें न येणारीं एकीकडे, परिच्छेद वाचणारीं दुसरीकडे. मुंबई व बडोदें येथील महापालिकांच्या शाळांत मागें पडलेल्या मुलांसाठीं तिनें केलेल्या कामाचा अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनीं काळजीपूर्वक अभ्यास केला व त्याचा चांगला परिणाम नोंदविला. त्यांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला.

सरकारी धोरणही आतां या दिशेस वळलें आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें २०१७ सालीं पहिली ते आठवीच्या "अध्ययन निष्पत्ति" प्रसिद्ध केल्या, म्हणजे कोणत्या वर्गाच्या अखेरीस मुलास काय यावें याच्या याद्या. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभींच्या पानांत त्या छापलेल्या आढळतात. पालकहो, हीं पानें बहुतेक घरांत उघडलींही जात नाहींत. आज उघडून पाहा.

अशा यादीवरून प्रगतिपत्रक कसें दिसेल तें सांगतों. गणितासमोर एकच चौकोन व त्यांत "६०" असें न लिहितां, सहामाहीच्या सात-आठ ओळी असाव्यात. उदाहरणार्थ : "छेद निराळे असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज करते व ती तशी कां हें चित्र काढून सांगते." "दुकानाच्या पावतींतील शेकडा सूट ताडून पाहते." मराठीसमोर : "वर्तमानपत्रांतील एक बातमी वाचून तींतील मुख्य गोष्ट चार वाक्यांत लिहिते." प्रत्येक ओळीपुढें "अद्याप नाहीं", "साहाय्यानें", "स्वतः", अशीं तीन घरें व साध्य झाल्याची तारीख. ओळ अशी असावी कीं ती वाचून आजीलाही नातवाची परीक्षा घेतां यावी. "गणिती विचारशक्ति विकसित होते" अशी ओळ लिहिण्यांत अर्थ नाहीं. ती कोणासही ताडून पाहतां येत नाहीं. आणि दीडशें ओळीही नकोत, नाहीं तर नोंदवह्यांचें तेंच संकट पुन्हा ओढवेल. वक्तशीरपणा, वहीची टापटीप, वर्तन यांस निराळी जागा असावी. आज वही उशिरां दिली म्हणून गणिताचे पांच गुण कापले जातात; मग त्या आंकड्यावरून मुलास गणित येत नाहीं कीं घड्याळ समजत नाहीं, हें कळावें कसें ?

आक्षेप पुष्कळ आहेत व त्यांतले कांहीं खरे आहेत. पुन्हा चाचणी मिळणार म्हटल्यावर मुलें आळशी होतील, असें म्हणतात. पुन्हा चाचणी फुकट मिळत असेल तर होतीलच. म्हणून आधीं चुकलेल्या जातीचीं उदाहरणें सोडवून दाखवावीं व मगच दुसरी चाचणी मागावी, अशी अट पाहिजे. आळशी मुलास ही अट नापास होण्याहून जड वाटते, हा माझा अनुभव आहे. दुसरा आक्षेप असा कीं, चढाओढ नसेल तर हुशार मुलें मंदावतील आणि बक्षिसें कोणास द्यावयाचीं ? येथें मला मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दृष्टान्त आठवतो. ज्या चाकरास पांच वांटे मिळाले होते त्यानें आणखी पांच मिळविले, ज्यास दोन मिळाले होते त्यानें आणखी दोन. आणि धन्यानें दोघांसही अगदीं त्याच शब्दांनीं शाबासकी दिली. आमच्या बक्षीस-समारंभांत हा उतारा अनेकदां वाचला गेला आहे, आणि लगेच नंतर पहिला, दुसरा व तिसरा क्रमांक पुकारले गेले आहेत. तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो. एका वर्गांत साठ मुलें असतां शिक्षकानें एकेकास कसें पाहावें ? यावर पुरें उत्तर माझ्यापाशीं नाहीं. मुलांनीं स्वतः ताडून पाहावयाचीं उत्तरें व वरच्या वर्गांतील मुलांचें साहाय्य यांनीं भार थोडा हलका होतो, नाहींसा होत नाहीं.

शिवाय दहावीची परीक्षा गुणांचीच आहे व पुढील प्रवेशही गुणांवरच होतात. म्हणून नववी-दहावींत मुलांस गुणांची संवय असावी हें मी मान्य करतों. तिसरीपासून ती असावी हें मान्य करीत नाहीं.

आतां त्या मुलाविषयीं. आम्ही तीन आठवडे शाळा सुटल्यावर बसलों. कागदाच्या घड्या घातल्या, पट्ट्या कापल्या, अर्ध्याचे सहा भागांपैकीं तीन व तृतीयांशाचे दोन करून ते शेजारीं शेजारीं ठेवले. बाराव्या कीं तेराव्या दिवशीं त्यानें आपण होऊन वही पुढें ओढली व क्ष चा अर्धा आणि क्ष चा तृतीयांश मिळून दहा होतात तर क्ष किती, हें समीकरण सोडवून बारा असें उत्तर काढलें; आणि मीं न सांगतां ताळाही करून पाहिला : सहा आणि चार, दहा. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. पण वर्षाचा बाकीचा अभ्यास त्या तीन आठवड्यांत भरून येणें शक्य नव्हतें. वार्षिक परीक्षेंत त्यास गणितांत एकेचाळीस गुण पडले. त्याच्या आदल्या वर्षीं आठवींतही एकेचाळीसच होते. त्याचे वडील प्रगतिपुस्तक घेऊन मला भेटावयास आले व खिन्नपणें म्हणाले, "सर, तुम्हीं एवढा वेळ दिलात, पण पोरांत कांहीं फरक दिसत नाहीं." मीं त्यांस वही दाखविली. त्यांनीं ती चाळली, प्रगतिपुस्तकाकडे पाहिलें, पुन्हा वहीकडे पाहिलें, आणि कोणत्यावर सही करावयाची असें विचारलें.

या जूनपासून पांचवी व सहावीच्या गणितापुरतें वर सांगितल्यासारखें पत्रक आम्ही प्रगतिपुस्तकास जोडणार आहों. त्यावर सही करण्यापूर्वीं पालकांनीं त्यांतली कोणतीही एक ओळ निवडावी, मुलास समोर बसवून तेवढें करावयास सांगावें, आणि जें दिसेल तें सहीखालीं दोन शब्दांत लिहून पाठवावें.